प्लस किती आणि आजार किती

गेल्या महिन्यात या पानावर जुन्या खोकल्याबद्दल लिहिताना मी एवढंच म्हटलं होतं की खोकला दोन आठवड्यांच्या वर रेंगाळला तर बेडका तपासून घ्या. त्यावर आलेल्या पत्रांत प्रश्न कमी आणि रिपोर्टांचे फोटो जास्त! ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून, मुरारहून, हजीऱ्याहून आलेल्या या फोटोंखाली बहुतेकांनी एकच विचारलंय: ‘डॉक्टर, किती वाढलंय?’ तेव्हा रक्तदाब आणि गुडघेदुखीवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा. आजचं पान क्षयाचं.

प्रश्न : यजमानांना (वय 51) महिनाभर खोकला होता. बेडक्याचा रिपोर्ट ‘एएफबी 3+’ आला. धाकटे दीर म्हणाले, ‘तीन प्लस म्हणजे थर्ड स्टेज, आता काही खरं नाही.’ सासूबाईंनी त्यांची ताटवाटी वेगळी काढली आहे. यजमान मात्र जेवतात-खातात, दुकानात जायचं म्हणतात. वजन तेवढं तीन किलो उतरलंय. माझ्या भाच्याचा रिपोर्ट मागे नुसता ‘स्कँटी’ होता, तरी त्याला पंधरा दिवस भरती ठेवलं होतं. हे कसं?
— एक वाचक, जनकगंज

उत्तर : ताई, दीरांना सांगा की कॅन्सरच्या स्टेज वेगळ्या आणि हे प्लस वेगळे. हे प्लस येतात कुठून ते एकदा नीट सांगते, म्हणजे घरातली निम्मी भीती जाईल.

गजराराजा मेडिकल कॉलेजात शिकताना आम्हाला या स्लाइड स्वतः बनवाव्या लागत, स्वतः वाचाव्या लागत. डबीतल्या बेडक्याचा पिवळट, घट्ट भाग काडीने उचलून काचेवर पसरायचा आणि वाळवायचा. त्यावर कार्बोल फुक्सिन नावाचा लाल रंग ओतून काचेखाली ज्योत फिरवायची. वाफ निघाली पाहिजे, पण रंग उकळता कामा नये. फिनाइलसारखा वास नाकात बसायचा तो जेवताना सुद्धा यायचा. मग काच ॲसिडने धुवायची. बाकी सगळ्याचा लाल रंग निघून जातो, क्षयाच्या जंतूचा जात नाही, कारण त्याचं कवच मेणचट असतं. रिपोर्टावरचं ‘एएफबी’ ते हेच, ॲसिडलाही रंग न सोडणारे जंतू. शेवटी वरून निळा रंग द्यायचा. तेलाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली धरलं की निळ्यावर बारीक, जराशा वाकलेल्या लाल काड्या दिसतात. कॉखने हा जंतू 1882 साली दाखवला आणि लगेच पुढच्या वर्ष-दोन वर्षांत झील आणि नीलसन या दोघांनी रंगवण्याची ही रीत बसवली. आता बऱ्याच ठिकाणी ऑरामिन नावाचा रंग वापरून एलईडीच्या मायक्रोस्कोपखाली पाहतात. त्यात जंतू काळ्यावर पिवळे-हिरवे चमकतात आणि काम लवकर होतं. मोजणीमागचा विचार मात्र तोच आहे.

आता मोजणी. लाल-निळ्या स्लाइडवर शंभर जागा (मायक्रोस्कोपच्या गोलात एका वेळी दिसतं ती एक जागा) पाहूनही एक काडी दिसली नाही तर निगेटिव्ह. शंभर जागांत मिळून एक ते नऊ दिसल्या तर ‘स्कँटी’, आणि पुढे तो आकडाच लिहायचा. दहा ते नव्व्याण्णव म्हणजे 1+. दर जागेत एक ते दहा असतील तर 2+. दर जागेत दहाच्या वर असतील तर 3+, आणि त्याला वीस जागा पाहिल्या तरी पुरे. गंमत बघा, स्लाइड वाचणाऱ्याला तीन प्लस सर्वांत सोपा. निगेटिव्ह लिहायचं म्हणजे शंभर जागा प्रामाणिकपणे फिरायच्या, आणि गर्दीच्या दिवशी तिथेच डोळे दगा देतात.

म्हणजे प्लस हा त्या दिवशीच्या, त्या डबीतल्या, त्या काचेवरच्या जंतूंचा हिशोब आहे. तुमच्या यजमानांच्या अंगात किती ताकद उरली आहे, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. प्लसला अर्थ नाही असं नव्हे. फुफ्फुसात पोकळी पडली आणि ती श्वासनळीला जोडली गेली की त्या पोकळीत कोट्यवधी जंतू माजतात आणि दर खोकल्याबरोबर बाहेर येतात. असा माणूस दुकानात बसून गिऱ्हाईकही करत असतो. त्याच्यापासून इतरांना संसर्गाचा धोका जास्त, आणि बेडका निगेटिव्ह व्हायलाही थोडा जास्त वेळ लागू शकतो. तीन प्लसमधून मी एवढं वाचते. भाच्याला भरती करण्याचं कारण त्याच्या डिस्चार्जच्या कागदावर असेल: खोकल्यातून रक्त, छातीत पाणी, वाढलेली साखर, असं काही. प्लसच्या रकान्यात ते शोधू नका.

ताटवाटीबद्दल सासूबाईंना माझा नमस्कार सांगून म्हणावं, क्षय हवेतून जातो, ताटातून नाही. पहिले दोन आठवडे यजमानांनी खिडक्या उघड्या असलेल्या खोलीत वेगळं झोपावं, माणसांत मास्क लावावा, दुकान बंद ठेवावं. ताटवाटी मात्र वेगळी नको, आणि दोन आठवडे झाले की सगळ्यांबरोबर जेवायला बसू द्या. चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासला, 1956 साली सुरू झालेल्या अभ्यासात काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना घरी ठेवून औषध दिलं होतं. घरचे रोगी तितकेच बरे झाले, आणि घरातल्या माणसांना होणारा आजारही त्यामुळे वाढला नाही. जो काही संसर्ग द्यायचा तो बहुतेक औषध सुरू व्हायच्या आधीच देऊन झालेला असतो. म्हणून ताटं वेगळी करण्यापेक्षा सासूबाई, तुम्ही आणि मुलं, सगळ्यांची तपासणी करून घ्या.

आणि एक. रिपोर्टावर ‘रिफाम्पिसिन’ (क्षयावरचं मुख्य औषध) असा एक रकाना असतो, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही जंतूचं डीएनए शोधणारी तपासणी केली असेल तर. तुमच्या फोटोत तो नाही. ती तपासणी झाली नसेल तर आधी ती मागा. सरकारी केंद्रात पैसे पडत नाहीत. नेहमीच्या गोळ्या लागू पडणार की नाही हे तिथे कळतं. तीन प्लसपेक्षा मला त्या रकान्याची चिंता जास्त.

प्रश्न : माझी सीबीनॅट ‘एमटीबी डिटेक्टेड, मीडियम’ आली होती, रिफाम्पिसिन रेझिस्टन्स नाही. दोन महिने एकही गोळी न चुकवता औषध घेतलं. खोकला गेला, वजन चार किलो वाढलं. खात्री करायला मी स्वतःच्या पैशाने पुन्हा सीबीनॅट केली तर ‘डिटेक्टेड, लो’. म्हणजे औषध चालत नाहीये का? रात्री झोप येत नाही.
— एक विद्यार्थी, मुरार

उत्तर : झोप बाळा. औषध चालतंय.

सीबीनॅटचं मशीन क्षयाचा जंतू (रिपोर्टातला ‘एमटीबी’) बघत नाही, त्याचं डीएनए शोधतं आणि ते पुन्हा पुन्हा दुप्पट करत जातं. थोड्या फेऱ्यांत सिग्नल मिळाला तर ‘हाय’, पुष्कळ फेऱ्या लागल्या तर ‘लो’ किंवा ‘व्हेरी लो’. मायक्रोस्कोपला जंतू दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार लागतात. या मशीनला शंभर-सव्वाशे पुरतात. निदानासाठी म्हणूनच ते उत्तम. पण जंतू जिवंत आहे की मेलेला, हे त्याला कळत नाही. वऱ्हाड कधीच निघून गेलं तरी मांडवात अक्षता सांडलेल्या असतातच. मेलेल्या जंतूंचं डीएनए कित्येक आठवडे, कधी महिनेही बेडक्यात येत राहतं.

म्हणून औषध चालू असताना सुधारणा पाहायला सीबीनॅट वापरत नाहीत. दोन महिन्यांनी आणि शेवटी साधी स्लाइड किंवा कल्चर (बेडक्यातले जंतू वाढतात का ते पाहणं) बघतात. दोन महिन्यांनंतरही स्लाइडवर जंतू दिसले, तर औषधाला दाद न देणारे तर नाहीत ना, यासाठी नमुना पुढे पाठवतात. तू स्लाइड केली आहेस का, ते लिहिलेलं नाहीस. ती कर. आणि वाढलेले चार किलो तुला फार छोटी गोष्ट वाटते आहे, मला नाही वाटत. झारखंडमध्ये रोग्यांना धान्य देऊन जो मोठा अभ्यास झाला, तो 2023 साली प्रसिद्ध झाला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका निम्म्याहूनही कमी दिसला. तुझा वजनकाटा तुझ्या दुसऱ्या रिपोर्टापेक्षा खरं बोलतोय, आणि तोही फुकटात.

प्रश्न : लॅबवाल्याने रक्तातून ‘टीबी आयजीजी-आयजीएम’ करून दिली, पॉझिटिव्ह आहे. ईएसआर 92. आजार किती पसरलाय?
— एक वाचक, हजीरा

उत्तर : क्षयाच्या निदानासाठी रक्तातली ही अँटिबॉडी तपासणी भारत सरकारने जून 2012 मध्येच बंद केली, कारण तिच्यावरून खरं-खोटं कळत नव्हतं. लॅब बदला. ईएसआर हा अंगातल्या दाहाचा आकडा, दातांच्या पूपासून संधिवातापर्यंत कशानेही चढतो. बेडका द्या आणि छातीचा एक्स-रे काढा, मग लिहा.

प्रश्न : माझा नातू चार वर्षांचा आहे. भूक कमी, वजन वाढत नाही म्हणून डॉक्टरांनी मांटू करायला सांगितली. हातावर 18 मिलिमीटरची गाठ आली, मध्ये फोडही आला. शेजारणीच्या मुलाची 11 होती. म्हणजे आमच्या नातवाला फार जोराचा क्षय आहे का? घरात सगळे धडधाकट आहेत. यांना तेवढा बिडीचा जुना खोकला आहे, पण तो काही आजचा नाही.
— एक आजी, दौलतगंज

उत्तर : आजी, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

आधी मांटूचं, म्हणजे हातावर सुई टोचून करतात त्या तपासणीचं. दहा मिलिमीटरच्या वर कडक गाठ आली (लाली नाही, बोटाला लागणारी गाठ) तर शरीराची क्षयाच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे एवढं समजायचं. 11 आणि 18 मध्ये आजाराच्या जोराचा फरक नाही. ते त्या त्या शरीराच्या प्रतिकाराचं बोलणं आहे. उलटं सांगते, ऐकून नवल वाटेल. अगदी खंगलेल्या, फार आजारी मुलाची मांटू कधी कधी निगेटिव्ह येते, कारण गाठ उठवायलाही अंगात त्राण लागतं. तेव्हा 18 बघून रडू नका आणि शून्य बघून पेढे वाटू नका. महागड्या ‘टीबी गोल्ड’ रक्त तपासणीचंही तेच: संसर्ग झाला आहे का हे ती सांगते, आजार आहे का आणि केवढा, हे नाही.

नातवाचा एक्स-रे आणि सीबीनॅट करायला हवी. लहान मुलांना बेडका काढता येत नाही. सकाळी उपाशीपोटी नळीने पोटातला नमुना घेतात, त्याला नाही म्हणू नका. पाच वर्षांखालच्या मुलांत हा आजार मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे तो फार झोपाळू झाला, सारखा ओकू लागला, मान ताठ धरू लागला तर वेळ न घालवता दवाखान्यात. तपासणीत आजार नाही असं ठरलं तरी प्रतिबंधक औषध द्यायचं असतं.

पण चार वर्षांच्या मुलाला जंतू देतो कोण? मुलांमुलांत क्षय सहसा पसरत नाही. तो घरातल्या मोठ्या माणसाकडून येतो, बहुतेक वेळा मांडीवर घेणाऱ्याकडूनच. आजोबांचा खोकला आजचा नाही म्हणता, तेच मला खटकतं. बिडीच्या खोकल्याच्या नावाखाली आपल्याकडे क्षय वर्षानुवर्षं लपतो. आजोबा चिडतील. चिडू देत. नातवाच्या निमित्ताने ‘सगळ्यांचीच तपासणी सांगितली आहे’ म्हणून त्यांना बरोबर न्या. ते खोटंही नाही.

प्रश्न : बाबांचं वय 63, उंची साडेपाच फूट, वजन 38 किलो. डायबेटिस आहे. महिनाभर ताप, धाप. बेडका दोन वेळा निगेटिव्ह आला म्हणून डॉक्टरांनी साधी अँटिबायोटिक दिली. एक्स-रेच्या कागदावर दोन्ही बाजूंना बारीक ठिपके असं लिहिलं आहे. पावलांना सूज आहे. उठायला हात द्यावा लागतो. बेडका निगेटिव्ह म्हणजे क्षय नाही ना?
— एक मुलगी, शिंदे की छावणी

उत्तर : हे पत्र मी अंकासाठी ठेवलं नाही. खाली नंबर होता, त्याच संध्याकाळी फोन केला. आता त्यांच्या परवानगीने इथे देते आहे, कारण या महिन्याच्या सगळ्या पत्रांत आजाराने सर्वांत पुढे गेलेला रोगी हाच होता, आणि त्याच्या रिपोर्टावर एकही प्लस नव्हता.

फोनवर मी चार गोष्टी विचारल्या. मिनिटाला श्वास किती? तिने घड्याळ लावून मोजले, तीस. बोटाचं ऑक्सिमीटर आहे का? करोनाच्या वेळचं होतं, सेल घालून लावलं, 91. बाबा कशाला न धरता उभे राहतात का? नाही. चौथी गोष्ट पत्रातच होती, वजन आणि उंची. त्या उंचीला 38 किलो म्हणजे बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 14 च्याही खाली जातो.

हे चार प्रश्न माझ्या मनचे नाहीत. तमिळनाडू सरकारने 2022 पासून क्षयाच्या मोठ्या रोग्यांना निदान होताच अशीच चाळणी लावायला सुरुवात केली: बॉडी मास इंडेक्स 14 च्या खाली, किंवा 16 च्या खाली आणि पायांना सूज; श्वास मिनिटाला 24 च्या वर; ऑक्सिजन 94 च्या खाली; आधाराशिवाय उभं राहता येत नाही. यातलं एक जरी असेल तरी भरती करून इलाज. बघा, यात मायक्रोस्कोप नाही, पीसीआर नाही. काटा, टेप, घड्याळ आणि ऑक्सिमीटर. आशाताईंना सुद्धा करता येईल. आपल्या शिवपुरी-श्योपूरकडच्या सहरिया आदिवासी वस्त्यांत क्षयाचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या कितीतरी वर आहे आणि अंगावर मांस नसतं. तिथे हे सामान आधी पोहोचावं असं मला फार वाटतं.

बेडका निगेटिव्ह का? बाजरीच्या दाण्याएवढे ठिपके दोन्ही फुफ्फुसांत पसरतात त्या प्रकारात जंतू रक्तावाटे सगळीकडे गेलेले असतात, पण पोकळी नसते, त्यामुळे बेडक्यात फारसे उतरत नाहीत. एचआयव्ही असलेल्यांचंही बरेचदा असंच: पोकळी नाही, प्लस नाही, आणि माणूस मात्र अंथरुणाला खिळलेला. दोन निगेटिव्ह स्लाइडवर कुणीही थांबू नये. सीबीनॅट, साखर आणि एचआयव्हीची तपासणी व्हायलाच हवी, आणि अशा रोग्याच्या बाबतीत ते सगळं भरती करून. ‘रिपोर्ट आल्यावर बघू’ म्हणण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो.

मुलीने रात्रीच त्यांना भरती केलं. ऑक्सिजन, इन्सुलिन, क्षयाची औषधं सुरू झाली आहेत. परवा तिचा निरोप आला की बाबा खिचडी मागून खातात. अजून धोक्याबाहेर आहेत असं मी म्हणणार नाही.

प्रश्न : मला बारा वर्षांपूर्वी क्षय झाला होता, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला. आता नोकरीच्या मेडिकलमध्ये एक्स-रेवर ‘उजव्या बाजूला वर फायब्रोकॅव्हिटरी लीजन, ॲडव्हान्स्ड’ असं आलं. मला काही त्रास नाही. काही वर्षं दगडाच्या खाणीवर सुपरवायझर होतो.
— एक वाचक, कंपू

उत्तर : जुन्या पुस्तकांत एक्स-रेवरून क्षयाचे तीन दर्जे करत: थोडा, मध्यम, फार पुढे गेलेला. सगळ्या पोकळ्या मिळून चार सेंटिमीटरच्या वर भरल्या की तिसरा दर्जा. ‘ॲडव्हान्स्ड’ हा शब्द तिथून येतो; ‘फायब्रोकॅव्हिटरी लीजन’ म्हणजे वण आणि पोकळी. पण एक्स-रे नुकसान दाखवतो, ते आजचं की बारा वर्षांपूर्वीचं, हे एका फिल्मवरून सांगता येत नाही. भाजल्याचा डाग जसाच्या तसा राहतो तसा हा वण राहणारच. म्हणून जुनी फिल्म शोधा. ट्रंकेच्या तळाशी, लग्नपत्रिकांच्या खाली असते बहुधा. दोन्ही शेजारी लावून फरक नसेल आणि बेडक्याचं कल्चर निगेटिव्ह आलं, तर डॉक्टर तुम्हाला ‘जुना, बरा झालेला’ असं लिहून देतील. कल्चरला सहा आठवडे लागतात, नोकरीवाल्यांना तसं कळवा. सीबीनॅटवर एकट्यावर विसंबू नका, जुन्या रोग्यांत ती कधी कधी फसवते.

खाणीचं सांगितलंत ते बरं केलंत. दगडाच्या धुळीनेही वरच्या भागात अशाच सावल्या येतात, आणि ती धूळ फुफ्फुसात बसली असेल तर क्षय पुन्हा होण्याचा धोका जास्त. मेडिकलच्या डॉक्टरांपासून हे लपवू नका.

प्रश्न : बेडका नेऊन दिला तर ‘ही लाळ आहे, पुन्हा आणा’ म्हणाले. कसा काढायचा?
— बऱ्याच जणांनी विचारलं आहे

उत्तर : सकाळी उठल्या उठल्या, चहाच्या आधी. तोंड साध्या पाण्याने खळखळून धुवा, पेस्ट नको. गच्चीवर किंवा अंगणात जा, खोलीत किंवा न्हाणीघरात नाही. दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन छातीत धरा, मग पोटापासून खोका. घशातलं खाकरून काढलेलं चालत नाही. चहाचा अर्धा चमचा भरेल एवढा घट्ट बेडका पुरे. पाण्यासारखं, फेसाळ डबीभर असून उपयोग नाही. झाकण घट्ट लावून डबी उभी धरून त्याच सकाळी पोहोचवा. एक नमुना केंद्रावर गेल्यावर देतात आणि एक असा सकाळचा. आणि मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत डबी ठेवून आधी बाड्यावर भाजी घ्यायला जाऊ नका.